लाल गाडीची पावसाळी चाकं

मृग लागायच्या आधी आमच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. बायको स्टुलावर चढते, माळ्यावरचं पावसाळी चपलांचं पोतं खाली ओढते आणि घरातली यच्चयावत चामड्याची पादत्राणं कागदात गुंडाळून त्याच जागी वर टाकते. त्यानंतर दिवाळीपर्यंत माणूस बारशाला जावो की मयताला, पायात रबरच. नागावात, आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत, पावसाळ्यात चामड्याला हिरवी लव फुटते. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेले बूट मी एका वर्षी हट्टाने खाली ठेवले होते. त्यांचं काय झालं ते बायको अजून आमच्या होमस्टेला येणाऱ्या पाहुण्यांना रंगवून सांगते.

त्या वर्षी माझे रबरी सँडल माझ्या अंगावर टाकून ती स्टुलावरच उभी राहिली. खिडकीतून शेडकडे बघत म्हणाली, "आणि हिला काय घालायचं?"

शेडमध्ये लाल गाडी होती. दोन माणसांची, छपराला वाकून बघावं लागेल इतकी बुटकी, स्पोर्ट्स कार म्हणतात ती. आमच्यासारख्यांच्या दारात ती शोभत नाही हे मला मान्य आहे. पण ती आम्ही घेतलेली नव्हती. ती हिला भाऊबीजेला ओवाळणीत मिळाली होती.

हिचा थोरला भाऊ उरणचा. वडील मिठागरात राबले. याने एक ट्रक घेतला, मग शेजारी बंदर आलं, ट्रकाचे ट्रेलर झाले, आणि एक दिवस हा माणूस कंटेनरच्या धंद्यातली मोठी असामी झाला. हिला तो 'बाय' म्हणतो, ही त्याला 'दादूस'. साठी जवळ आल्यावर त्याने ही लाल गाडी सेकंडहँड घेतली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, तर म्हणाला, आयुष्यभर उंच बसून गाडी हाकली, आता जरा खाली बसून बघतो. संध्याकाळी बंदराच्या रुंद रस्त्यावर एक फेरी मारायचा आणि नाक्यावर चहा प्यायचा, एवढंच त्याचं व्यसन. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा परत आली, डावा हातही बराचसा आला. डावा पाय मात्र ओढावा लागायचा. त्या दिवाळीला हिने ओवाळलं तेव्हा त्याने खिशातून चावी काढली आणि ताटात टाकली. ही रडली. तो टीव्हीकडे बघत बसला.

मी स्वतः गाडी चालवत नाही. येत नाही असं नाही, धीर होत नाही. आमच्याकडे चालवते ती हीच. होमस्टेची व्हॅन घेऊन अलिबागच्या बाजारात ही अशा फटींतून घुसते की मी डोळे मिटून घेतो. त्यामुळे लाल गाडी नागावात आणली तीही हिनेच. गावातली पोरंटोरं मागे धावत होती आणि ही माहेरची गाय आणावी तशी हळूहळू तिला घेऊन वाडीत शिरली.

मे महिन्याच्या शेवटी उरणहून वहिनींचा फोन आला. दादूस आता ओटीवरसुद्धा येत नाही, म्हणाल्या. डॉक्टर चालायला सांगतात, तो मधल्या खोलीतली खाट सोडत नाही. ज्या नाक्यावर आपण ऐटीत चहा प्यायलो तिथे पाय फरफटत कुठे जायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रेवसहून तरीने करंजाला उतरून त्याच्याकडे गेलो. हिने गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "दादूस, तुझे गारीत बसून नाक्यावर जाव. कोनाला पाय दिसाचा न्हाय."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला असं वहिनी म्हणाल्या, पण मला ते हसू आवडलं नाही. "आन गारी दारान," तो म्हणाला. "पावसाला सरला का आन. तिचं टायर बघलंस का? पान्यान घातलीस तं गटारान जाशील. दिवालीला बगू."

त्याला टायर कळत होते. त्या गाडीचे टायर हातभर रुंद, नक्षी जेमतेम, तीही झिजून गोटा व्हायला आलेली. कोरड्या रस्त्यावर चिकटून चालतील, पाण्यावर मात्र तरंगतील. म्हणजे तो नाही म्हणाला नव्हता. त्याने फक्त पाच महिने मागून घेतले होते. आणि तरीवर परत बसल्यावर ही खाडीच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "दिवाळीपर्यंत तो खाटेला शिवला जाईल." तिने मनाशी मुदत घातली ती गौरीची. गौरीला ती दर वर्षी माहेरी जाते. या वर्षी लाल गाडीतून जायचं, भावाला उठवायचं आणि गाडीत घालायचं.

म्हणून तो स्टुलावरचा प्रश्न. गाडीलाही पावसाळी चप्पल हवी.

आता पैशांचं. होमस्टे पावसाळ्यात बंद, त्यामुळे घरात येणारं काही नसतं. सुपारी विकून आले होते तेवढ्यात बसवायचं, असं तिने जाहीर केलं. माझ्याकडे न बघता केलं, म्हणजे चर्चा नको. त्याच मापाचे, पावसात चालतील असे नवे टायर विचारले तर आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. त्या मापाचे टायर म्हणजे श्रीमंतांचे चोचले. मग हिने भाच्याला, म्हणजे दादूसच्या मुलाला, फोन केला. धंदा आता तो बघतो. त्याने क्षणात निकाल लावला, "आत्या, रिमोल्ड टाक. आपले ट्रेलरला चालतान, हिला काय झालं? एकदम स्वस्तात काम. टेन्शन नको घेव."

जुन्या टायरवर नवं रबर चढवून रिमोल्ड करतात. ट्रेलरच्या मागच्या चाकांना ते चालतात, हे हिलाही ठाऊक होतं. पण ही म्हणाली, "चपलेचा तळ सुटला तर माणूस अनवाणी घरी येतो. हिचा सुटला तर?" 

मग तिने जे डोकं चालवलं ते मी जवळून बघितलं आणि तेव्हापासून मी तिच्यापुढे हुशारी करणं कमी केलंय. तिचं म्हणणं असं: रुंद टायर पाण्यावर का तरंगतं? खाजणातल्या चिखलात फळी टाकली तर ती वर राहते, आणि पाय ठेवला तर आत जातो. म्हणजे पावसाला अरुंद टायर हवं, पाणी कापून रस्त्याला टेकणारं. अरुंद टायर हवं तर चाकाची लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, लहान हवी. लहान डिस्कवर रबर उंच चढतं, त्यामुळे चाकाची एकूण उंची तीच राहते, वेगाचा काटा खोटं बोलत नाही आणि खड्ड्यात रबर मार खातं, डिस्क नाही. शिवाय असे टायर साध्या घरगुती गाड्यांना लागतात, त्यामुळे ते कुठेही आणि परवडतील अशा भावात मिळतात. हे सगळं तिने कोलंबी सोलता सोलता सांगितलं. अधूनमधून मोबाइलवर कुठल्या कुठल्या बर्फाळ देशातल्या माणसांचे व्हिडिओ बघत होती. ते लोक थंडीसाठी गाडीला वेगळी चाकं ठेवतात म्हणे, आणि वसंत आला की बदलतात. "बघा," ती म्हणाली, "त्यांचापण माळा असणार."

एक अडचण होती. त्या गाडीच्या चाकाच्या आत ब्रेकचा मोठा जबडा असतो. डिस्क लहान घेतली तर तो आत मावायला हवा. हिने पुढचं चाक खोललं, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि शिंप्याने बाही बेतावी तसा त्या जबड्याचा आकार कापला. आजूबाजूला मोकळी किती जागा हवी तेही पुठ्ठ्यात धरलं. तो पुठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मांडीवर घेऊन ती भाच्याच्या पिकअपमध्ये बसली आणि आम्ही कळंबोलीला गेलो. तिथे ट्रकांचा बाजार आहे आणि आसपास जुन्या चाकांच्या दुकानांची रांग.

पहिल्याच दुकानात मला मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची शोभिवंत चाकं, आवडली. सोनेरी, नाजूक आऱ्यांची. लाल गाडीला ती काय दिसली असती! दुकानदारही माझ्याच पक्षाचा होता. "मॅडम, स्पोर्ट कार है, लुक मत बिगाडो," तो विनवत होता. हिने पिशवीतून पुठ्ठा काढला आणि सोनेरी चाकात उभा धरला. पुठ्ठा आऱ्यांना अडला. तिने चाक खाली ठेवलं. दुसरं, तिसरं. दुकानातली माणसं आधी हसत होती, मग एकेक जण आपणहून चाकं आणून द्यायला लागला. शेवटी ढिगाच्या तळातून एक काळी लोखंडी डिस्क निघाली, कुठल्यातरी कुटुंबवत्सल गाडीची. दिसायला अगदी सरकारी. पुठ्ठा आत घातला आणि फिरवला, तर तो कुठेही न अडता गोल फिरला. त्याच जातीच्या चार मिळाल्या. ती एकेक डिस्क जमिनीवर घरंगळत सोडून बघत होती, वाकडी चालते का सरळ. टायर मात्र तिने नवे घेतले. जुने बघितलेच नाहीत. अंगावर त्यांची जन्मतारीख छापलेली असते ती वाचली, खाचांत नख घालून बघितलं, आणि खरेदी सुपारीच्या पैशांत बसवली. उरलेल्यात आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली.

घरी आल्यावर तिने त्या डिस्कांना लाल रंग दिला. गंजाला म्हणून दिला, असं ती म्हणते. आमच्याकडची खारी हवा लोखंड खाते हे खरं, पण लाल रंग कशाला, काळाही होता.

श्रावणाच्या अखेरीस चाकं चढवली. नाक्यावरचा पंक्चरवाला हवा भरायला लागला आणि इथे एक गोष्ट झाली. तिची गंमत मला नंतर कळली.

लहानपणी शाळेतून आली की हिचं एक ठरलेलं काम असायचं. दादूसचा ट्रक उभा असायचा, आणि तो हिच्या हातात चाकं खोलायची लोखंडी कांब द्यायचा. तिला ते टामी म्हणतात. एकेका टायरवर टामी मारायची आणि आवाज ऐकायचा. टण्ण वाजलं की हवा भरपूर. भद्द वाजलं की हवा कमी. दादूस डोळे मिटून उभा राहायचा आणि हिने मारलेल्या आवाजावरून सांगायचा कुठल्या टायरमध्ये काय आहे. कंटेनर लादायच्या आधी मोठमोठे ड्रायव्हर अजूनही असंच करतात. हिला अभ्यासातलं फारसं आठवत नाही, पण ते टण्ण आठवतं. माहेरची एक जुनी टामी आमच्या शेडमध्ये आहे, तीही लग्नानंतर हिनेच मागून आणलेली.

तर पंक्चरवाला म्हणाला, "ताई, बास." हिने टामी मारली, भद्द. "अजून भर," ही म्हणाली. पुन्हा मारली, पुन्हा भद्द. तो बिचारा मीटर दाखवत होता, ही त्याच्याकडे बघतही नव्हती. दरवाजाच्या आतल्या बाजूला कंपनीने हवेचा आकडा चिकटवलेला आहे, तो मी वाचून दाखवला. "त्यांना काय आमच्या दादूसपेक्षा जास्त कळतंय?" तिने टण्ण वाजेपर्यंत भरून घेतलं.

मग आम्ही चाचणीला निघालो. मी शेजारच्या सीटवर, वजन म्हणून. अलिबाग मागे पडलं, पाऊस लागला, कार्लेखिंडीत वळण आलं. वेग काहीच नव्हता. तरी गाडीचं मागचं अंग अलगद सुटलं, आम्ही गोल फिरलो आणि ज्या बाजूने आलो होतो तिकडे तोंड करून कडेच्या गवतात उभे राहिलो. मागून कोणी येत नव्हतं हे आमचं नशीब. मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती. 

आम्ही घरी आलो. भाच्याला कळलं तसा त्याचा फोन आला, चाकं परत करून देतो म्हणाला, नुकसान थोडं होईल. ही "बरं" म्हणाली. हिने कुणालाही नुसतं "बरं" म्हटलेलं मला आवडत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादूस बरोबर बोलला. दिवाळीलाच जाऊ."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण त्या गाडीत पुन्हा बसायची माझी इच्छा नव्हती. पण वाटलं नाही. मधल्या खोलीतली ती खाट डोळ्यांसमोर यायची. आणि हिने हार मानलेलं घर मला परकं वाटत होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती मोदकांसाठी तांदळाची पिठी चाळत होती. थोडी पिठी खाली सांडली. पाण्याची कळशी घेऊन मी तिथून गेलो, माझ्या रबरी सँडलखाली पिठी आली, आणि ती ओरडली. ओरडली आणि मधेच थांबली. लादीवर माझ्या पावलाचा ठसा उठला होता, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, तळाची सगळी नक्षी दिसत होती. ती त्या ठशाकडे बघत बसली. मग पिठीचा डबा आणि चाळण घेऊन तरातरा शेडकडे निघाली.

"अगं मोदकांची पिठी!" मी मागून म्हणालो.

"गणपतीला कळतं सगळं," ती म्हणाली.

शेडच्या कोरड्या सिमेंटवर तिने पिठी चाळणीने पातळ पसरली आणि मला गाडी ढकलायला लावली. चाक पिठीवरून पुढे गेलं. खाली बघितलं तर ठसा जेमतेम चार बोटांचा, फक्त मधला पट्टा. कडेच्या खाचा पिठीला शिवल्याच नव्हत्या. फुगवून फुगवून टायरचं पोट पुढे आलं होतं आणि तेवढ्याच पोटावर गाडी उभी होती. पाणी बाहेर टाकायच्या खाचा दोन्ही कडांना, हवेत.

ती उकिडवी बसून बराच वेळ बघत होती. मग कपाळावर हात मारून हसायला लागली. "अहो, ती टण्ण लादलेल्या ट्रेलरची! त्यात कंटेनर असतो. हिच्यात कोण बसणार आहे? मी आणि तुम्ही!"

तिने थोडी हवा सोडली. मी ढकलली. ठसा रुंद झाला. अजून थोडी सोडली, पुन्हा पिठी, पुन्हा ढकल. अखेर टायरचा पूर्ण ठसा उठला, कडेपासून कडेपर्यंत, प्रत्येक खाच दिसेल असा. मग मीटर लावला, तर दरवाजावर चिकटवलेल्या आकड्याच्या जवळपासच काटा. मी मीटर पुसून जागेवर ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय. तिने शेवटी टामी घेऊन टायरवर मारली. भद्द. "असू दे," ती टायरला म्हणाली आणि राहिलेल्या पिठीचे मोदक करायला गेली. त्या वर्षी मोदक कमी झाले.

संध्याकाळी पावसातच आम्ही पुन्हा कार्लेखिंडीत गेलो. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा वळण मागे गेलं होतं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आम्ही निघालो. पाऊस असा की समोरच्या एसटीची मागची पाटीसुद्धा दिसत नव्हती. पोयनाड, वडखळ, पेण, खारपाड्याचा पूल, मग आत वळून चिरनेरवरून उरण. हिची हिरवी नऊवार नेसलेली मूर्ती, जेमतेम वीतभर उंचीच्या त्या सीटवर, नथ घालून, पाय लांब करून बसलेली. रस्त्यावर जिथे तळी साचली होती तिथे बाकीच्या गाड्या बिचकत होत्या आणि ही एकसारख्या वेगाने पाणी कापत जात होती. लाल डिस्क, लाल गाडी, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे. एका ट्रेलरवाल्याने काच खाली करून हिला सलाम ठोकला. मला तेव्हा जे वाटलं ते सरळ लिहितो: मला या बाईचा फार अभिमान वाटला. भीती गेली नव्हती, पण अभिमान जास्त होता.

दादूसच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा पाऊस थांबला होता. वहिनींनी गौरीची पावलं काढली होती, तांदळाच्या पिठाची, उंबऱ्यापासून ओटीवरून आत, मधल्या खोलीतून देवघरापर्यंत. त्या दारात आल्या, गाडी बघितली आणि तोंडाला पदर लावला. ही पावलांच्या कडेकडेने आत गेली. मी दारात उभा.

"दादूस, गारी आनलीय."

आतून उत्तर आलं. "आयलीस? बरा केलंस. बस. मना बरा वाटत न्हाय आज."

"अंगनात उभी हाय. नुसता बघ."

"बगली हाय मी. माझीच तं होती."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर भांडेल. सुपारीचे पैसे, कळंबोलीची वारी, कार्लेखिंड, सगळं पाण्यात. पण ही नुसती बाहेर आली. ओटीच्या खुंटीला दादूसची टामी टांगलेली होती, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तिने ती काढली, अंगणात उतरली आणि पुढच्या टायरवर मारली.

भद्द.

पदर खोचून ती गाडीला वळसा घालायला लागली. दुसऱ्या टायरवर, भद्द. तिसऱ्यावर जरा जोरात.

"कोन हाय रं तिकडं?" आतून आवाज आला. "हवा कमी हाय!"

हिने चौथ्यावर मारली. पुन्हा पहिल्याकडे आली आणि पुन्हा मारली.

"अगो बाय, चारी टायर बसलेत! या हवेवर तू वडखलवरना आयलीस? कोनी भरली ही हवा?"

"मीनी भरली."

"कोनी शिकवलं तुला?"

"तूच."

खाट करकरली. काहीतरी घसटल्याचा आवाज आला, मग उंबऱ्याजवळ त्याचा हात चौकटीवर दिसला. वहिनी पुढे धावल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. तो आला. दाढी वाढलेली, लुंगी एका बाजूला घसरलेली, डावा पाय मागून ओढत, आणि चेहऱ्यावर असा संताप की ट्रेलरच्या धंद्यातल्या त्याच्या भरातल्या दिवसांची मला आठवण झाली. तो ओटीवरून भिंत धरत उतरला, हिच्या हातातली टामी हिसकावली आणि टायरवर स्वतः मारली. भद्द. त्याने डोळे मिटले. पुन्हा मारली.

"निम्मी पन हवा न्हाय," तो म्हणाला.

"बस आत. दाखवते कशी चालते."

"अशे हवेवर मी न्हाय बसाचा."

"मंग तुना काय कलनार?"

तो माझ्याकडे वळला. "भावोजी, तुमी बसलेले हिच्या बाजूला?" मी मान डोलावली. तो बराच वेळ त्या लाल लोखंडी चाकांकडे बघत होता. त्याने वाकून टायरच्या खाचेत बोट घातलं, कडेपर्यंत फिरवलं. मग गाडीच्या छपरावर हात टेकून, आधी पाठ आत घातली, उजवा पाय घेतला आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. टामी त्याने सोडली नाही. मांडीवर आडवी घेऊन बसला. हिने दार लावलं, फिरून गेली, इंजिन सुरू केलं. नाक्याच्या बाजूने गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. आतून तो अजून हवेबद्दलच बोलत होता, हात हलताना दिसला.

अंगणात मी आणि वहिनी उरलो. ओटीवर बघितलं तर गौरीची पावलं आत जात होती, आणि त्यांच्यावरून, मधल्या खोलीपासून बाहेर पायरीपर्यंत, दादूसच्या ओढलेल्या पायाची एक लांब पुसट रेघ आली होती. अर्धी पावलं मोडली होती. गौर यायची वेळ होत आली होती.

"पीठ आणू का?" मी विचारलं. "नवी काढून घ्या."

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्या रेघेकडे बघितलं आणि मान हलवली.

"र्‍हाव द्या," त्या म्हणाल्या. "अशीच र्‍हाव द्या."